एक पाय कोरडा

मी युरोपात जाऊन आले हे कळलं की लोक पहिलं विचारतात, "बर्फ पाहिला का?" नाही पाहिला. ऑगस्ट होता. स्वित्झर्लंडमधल्या बाझल नावाच्या शहरात, तिथे राहणाऱ्या माझ्या ताईकडे, मी दहा दिवस होते. चर्च, बाजार, ट्राम, चित्रांची संग्रहालयं पाहिली, ताईने पाहायला लावली म्हणून. मला पाहायची होती ती नदी. तिचं नाव ऱ्हाइन, आणि ती बघायला मला पाठवलं होतं आमच्या खाडीवरच्या एका बाईने.

ज्यांना बाझलला जायचंय त्यांना या लेखाचा फारसा उपयोग नाही. हॉटेलं कोणती, पास कुठला काढायचा, यातलं मला काही कळत नाही.

निघण्याआधी, खाडीवर

मी सालवडला राहते. बाबा सांगलीकडचे, तारापूरच्या कारखान्यात कामाला म्हणून आले आणि इथलेच झाले. मी कॉलेजपासून पत्रकं काढते: नाल्याच्या पाण्याबद्दल, खाडीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याबद्दल. माझ्या पत्रकात उद्गारचिन्हं फार असतात अशी तक्रार आहे. मला विचाराल तर परिस्थितीच्या मानाने कमीच आहेत.

हिराकाकी खाडीकाठच्या पाड्यावर राहते. बायकांच्या गटाची ती प्रमुख. या बायका भरती ओसरली की चिखलात उतरून खेकडे आणि निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, धरतात. उतरण्याआधी प्रत्येक जण घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत तेल चोपडते. खोबरेल तेलात कडुलिंबाचा पाला उकळून ते तेल करतात. न लावता उतरलं तर संध्याकाळपर्यंत पाय लाल होतात आणि रात्रभर खाजवत बसावं लागतं. काकीच्या सासूच्या वेळी हे तेल लागत नव्हतं. आता लहान मुलीसुद्धा केसांना लावण्याआधी पायांना तेल लावायला शिकतात.

मी निघायच्या आठवडाभर आधी कारखानदारांच्या वतीने एक साहेब पाड्यावर येऊन गेले होते. मासळी सुकवायला सिमेंटचा ओटा आणि वर पत्र्याची शेड बांधून देतो म्हणाले. बदल्यात गटाने एका कागदावर सही करायची: खाडीच्या पाण्याबद्दल आमची तक्रार नाही, केलेली तक्रार मागे घेतो.

"काकी, तू सही करणार?" मी विचारलं. आवाज चढलाच होता.

"वरडू नको गो. शेड पायजे आमाला. गेल्या साली दोन टोपल्या मासळी भिजून कुजली. तुझ्या पत्रकानं मासळी सुकते का?"

मी पिशवीतली पत्रकं आणखी खाली दाबली.

"साहेब काय बोलला ठावं हाय?" काकी म्हणाली. "फॅक्टरी आली का पानी असंच व्हतं. जगात कुठं बी जा. खरं हाय?"

"खोटं आहे."

"तू बघितलंस?"

"नाही."

"मंग? बहिनीच्या गावाला फॅक्टऱ्या हायत ना, औषिदाच्या? बघून ये. फॅक्टरीच्या बाजूला पानी साफ र्‍हात नसंल तर मी कशाला भांडत बसू? सही करते नि मोकळी व्हते. साहेब गनपती झाल्यावर येनार हाय. तवर थांबते."

तिने माझ्या पिशवीत सुक्या बोंबलाचं पुडकं कोंबलं आणि तेलाची एक बाटली.

"तिकडच्या पान्यात उतरशील तर लाव. नि फोटो आन. पत्रकातल्यासारखा नको. त्यात नुसता काळा पाट दिसतो, माणूस दिसत नाय."

चर्चसमोर, वर्तमानपत्रासह

आम्ही नाल्याचे फोटो काढतो त्याची एक रीत आहे. चौकटीत त्या दिवसाचं वर्तमानपत्र हवं, तारीख वाचता येईल असं. ओळखीची खूण हवी: पूल, खांब, कारखान्याची भिंत. मापासाठी एक फूटपट्टी हवी. माणूस शक्यतो नको, कारण माणूस ओळखू आला की त्याला फोन जातात. हे न पाळता काढलेला फोटो घेऊन कचेरीत गेलं की साहेब म्हणतात, हा कशावरून इथला? कशावरून आत्ताचा? चार वर्षं मी असेच फोटो काढतेय. दुसऱ्या तऱ्हेचे मला काढता येत नाहीत, हे मला बाझलला कळलं.

तिथलं मोठं चर्च लाल दगडाचं आहे. दोन उंच मनोरे, छतावर रंगीत कौलांची नक्षी, मागे नदीवर उघडणारा प्रशस्त चौथरा. ताई नवी ओढणी घेऊन उभी राहिली. "काढ गं. मनोरे येऊ देत."

मी कोपऱ्यावरून जर्मन पेपर विकत आणला होता. तो तिच्या हातात दिला.

"हे कशाला?"

"धर छातीशी. तारीख दिसू दे."

"रेश्मे, मला पळवून आणल्यासारखी दिसतेय मी. आईला पाठवलास तर ती पोलिसांत जाईल."

बाजूचं एक जपानी जोडपं थबकून बघायला लागलं. ताईने पेपर माझ्या अंगावर फेकला. पहिल्या दोन दिवसांत मी काढलेले फोटो तिने संध्याकाळी मोबाइलवर पाहिले: पुलाचे खांब, पाण्याची रेघ लागलेली भिंत, नदीत येणारी चार गटारं, नगरपालिकेच्या लाल इमारतीचा फक्त पाया. ताई त्यात कुठेच नव्हती. तीन वर्षांनी भेटलेली सख्खी बहीण.

"मी खूण म्हणून पण चालत नाही का तुला?" ती म्हणाली. हसत म्हणाली, पण मला लागलं.

बोंबील आणि शेजारीण

रविवारी तिथे दुकानं बंद असतात. कपडे धुवायचे नाहीत, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, शेजाऱ्याला आवाज जाता कामा नये. वासाबद्दल नियम आहे का ते ताईला माहीत नव्हतं. आम्ही बोंबील तव्यावर टाकले. पाच मिनिटांत दारावर टकटक.

वरच्या मजल्यावरच्या बाई. सत्तरीच्या, पांढरे आखूड केस, पायात सपाता. मार्ग्रिट त्यांचं नाव. ताई दारातच माफी मागू लागली. बाई सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "मला फक्त विचारायचं होतं, कोणता मासा आहे?"

आत आल्या. भाकरी नव्हती, पावाबरोबर बोंबील खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला त्यांच्याकडे सूप प्यायला बोलावलं. ते सूप म्हणजे पीठ तुपासारख्या लोण्यात खमंग भाजायचं, कांदा घालायचा, पाणी घालून उकळायचं. गव्हाचं पीठ एवढाच फरक. बाकी पिठल्याचा सख्खा भाऊ, फक्त हिंग-मिरची घरी विसरून आलेला. गरिबांचं जेवण होतं, आता हॉटेलात मिळतं, असं त्या म्हणाल्या.

मी त्यांना सरळ विचारलं, "नदी आधीपासून अशी स्वच्छ आहे?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "कोणी सांगितलं तुला? मी तुझ्यापेक्षा थोडी मोठी होते तेव्हा एका सकाळी नदी लाल झाली होती. कारखान्याच्या गोदामाला आग लागली आणि सगळं पाण्यात गेलं. मासे पालथे पडले. आम्ही मेलेले मासे घेऊन रस्त्यात उभे राहिलो."

"मग त्यांनी स्वच्छ केली?"

"त्यांनी? आम्ही त्यांना करायला लावली. पुष्कळ वर्षं लागली. फार कंटाळवाणं काम होतं."

तो 'कंटाळवाणं' शब्द मी वहीत लिहून घेतला. मी कुठल्याच पत्रकात तो वापरलेला नाही.

नारिंगी जाकीटवाला

नदीच्या वरच्या अंगाला दोन पांढरे, पायऱ्यांसारखे निमुळते होत गेलेले उंच मनोरे आहेत, औषध कंपनीचे. शहरात कुठूनही दिसतात. पलीकडच्या काठाला भिंतीतून एक नळी नदीत उघडते. मी वाकून, पट्टी लावून, पेपर ठेवून फोटो काढत होते. मागून हाक आली. नारिंगी जाकीट घातलेला, हातात वॉकीटॉकी घेतलेला माणूस.

हे मला पाठ आहे. आमच्याकडे वॉचमन येतो, "ए मैडम, फोटो नहीं लेने का, साहब ने बोला है," म्हणतो, मोबाइल मागतो. मग मी आवाज चढवते, तो चढवतो, शेवटी त्याचीच नोकरी जाईल या भीतीने मीच निघते. मी मोबाइल पाठीमागे धरला आणि पाय रोवून उभी राहिले.

तो माणूस पट्टीकडे बघत होता. म्हणाला, "ही पावसाच्या पाण्याची आहे. खालच्या पायरीवरून जास्त चांगली दिसेल." आणि हात धरून उतरायला मदत करू का, असं विचारलं.

इतकी जय्यत भांडणाची तयारी माझी आयुष्यात कधी वाया गेली नव्हती. मला त्या माणसाचा राग आला. खरंच आला. एवढं साधं असू शकतं, आणि चार वर्षं आम्ही एका नळीपाशी उभं राहण्यासाठी घसा फोडतोय.

रात्री जेवताना हे दाजींना सांगितलं. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करतात. शांत माणूस. म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण उद्या तारापूरचे कारखाने बंद पडले तर सालवडच्या चाळीतली माणसं काय खातील? तुमचं घर त्या पगारावरच उभं राहिलं."

"बंद करा असं माझ्या एका पत्रकात दाखवा. नळी कुठे सोडता एवढंच विचारतेय."

"विचार. पण तुलना करू नकोस. इथे आता तसा माल बनतच नाही फारसा. संशोधन होतं, गोळ्या होतात. कच्चा माल बाहेरून येतो."

"कुठून?"

"चीनमधून. भारतातून."

"भारतात कुठून?"

दाजींनी ताटातल्या आमटीकडे पाहिलं. "सगळी नावं मला माहीत नसतात."

"रेश्मे, जेव," ताई म्हणाली.

मी जेवले. पण काकीच्या प्रश्नाचं उत्तर वाटलं होतं तितकं सरळ नाही, हे त्या रात्री कळलं. इथलं पाणी स्वच्छ आहे ते इथल्या लोकांनी भांडून केलं म्हणून, हे खरं. घाण काम उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवलं गेलं म्हणूनही, हेसुद्धा खरं. काकीला मी दोन्ही सांगणार होते. अर्धवट पुरावा द्यायची सवय मी स्वतःला लावून घेतलेली नाही.

पायऱ्यांवर

बाझलमध्ये उन्हाळ्यात लोक कामावरून घरी पोहत जातात. थट्टा नाही. माशाच्या आकाराची रंगीत प्लास्टिकची पिशवी मिळते. तिच्यात कपडे, बूट, मोबाइल घालायचे, तोंड गुंडाळून बंद करायचं, पिशवी छातीशी धरायची आणि प्रवाहात पडायचं. नदी वाहत नेते. पुलाखालून, चर्चसमोरून, आपल्या गल्लीपाशी आलं की काठ धरायचा. तिथे होडीलासुद्धा इंजिन नाही. आडव्या बांधलेल्या तारेला होडी अडकवलेली, नावाडी नुसतं सुकाणू वळवतो, पाणीच पलीकडे नेतं.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी, मी, ताई आणि मार्ग्रिटबाई, काठच्या दगडी पायऱ्यांवर गेलो. समोर पोहणारी डोकी, मागे ते पांढरे मनोरे. हाच फोटो मला हवा होता. मला पोहता येत नाही, पण गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरायचं ठरवलं होतं. काकीने 'तू बघितलंस?' विचारलं तर हो म्हणता आलं पाहिजे.

पायजमा गुडघ्यावर घेतला, पायरीवर बसले, पिशवीतून बाटली काढली आणि तेल ओतून घेतलं. उजवा पाय घोट्यापासून वरपर्यंत नीट चोळला. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत. सवयच ती. खाडीत नमुना घ्यायला काकीबरोबर कितीदा उतरले आहे.

"उन्हासाठी आहे का?" मार्ग्रिटबाईंनी विचारलं.

"नाही, पाण्यासाठी."

"पाण्यासाठी?"

"तेल लावलं नाही तर पाय..." इथे मी थांबले. माझ्या बाजूने एक सहा-सात वर्षांची मुलगी उड्या मारत पायऱ्या उतरली आणि धपकन पाण्यात गेली. तिच्या आईने तिला कसलंच तेल लावलं नव्हतं.

पायऱ्यांवर पन्नास-साठ माणसं असतील. एकटी मी तेलाची बाटली घेऊन बसले होते.

मार्ग्रिटबाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग बाटलीकडे. त्यांना कळलं होतं. ताईलाही कळलं. सालवडला असताना तीही नाल्यावरून उडी मारण्याआधी चप्पल हातात घ्यायची नाही, पायांतच ठेवायची. खराब झाली तर चप्पल होईल, तळवा नको. मला रडायला येईल असं वाटलं. आला तो संताप. साहेबावर आला, आणि स्वतःवरही. आम्ही त्या पाण्याला इतक्या सरावलो होतो की दुसरं पाणी समोर असताना हात आपोआप बाटलीकडे गेला. साहेबाला जे कागदावर हवं होतं, ते माझ्या हाताने आधीच मान्य केलं होतं.

मी बाटलीचं झाकण लावलं. डावा पाय तसाच ठेवला, बिनतेलाचा; खाडीवर अशा पायाला कोरडा म्हणतात.

"ताई, फोटो काढ."

"पेपर?"

"पेपर हवाच. पट्टी मात्र नको. मला येऊ दे फोटोत."

उतरले. पाणी थंडगार होतं, पायाखालचे गोटे दिसत होते. वीसेक मिनिटं उभी राहिले, मग वरच्या पायरीवर घोटाभर पाण्यात आले. उजव्या पायावर पाण्याचे मणी जमत होते, डावा नुसता ओला. ताईने काढलेल्या फोटोत ते स्वच्छ दिसतं: एक पाय चकचकीत, एक कोरडा, मागे मनोरे, पोहणारी माणसं, हातात पेपर, आणि माझं तोंड भांडायला निघाल्यासारखं. पुढच्या दिवशी सकाळी, नवा पेपर ठेवून, ताईने माझ्या दोन्ही पायांचा आणखी एक फोटो काढला. दोन्ही सारखे.

विमानतळावर आमचा दोघींचा एकत्र फोटो दाजींनी काढला. त्यात पेपर नाही. ताईने तपासून घेतलं.

परत खाडीवर

काकीने आधी चर्च पाहिलं, पूल पाहिला, इंजिन नसलेली होडी दोनदा पाहिली. "बरी हाय." पोहणारी माणसं दाखवली तर म्हणाली, "गोऱ्यांची कातडीच तशी असंल. आपली येगळी."

मग तो फोटो आला. तिने मोबाइल हातात घेतला. फोटो मोठा कसा करायचा ते तिला चांगलं ठाऊक आहे. माझ्या तोंडाकडे बघितलंही नाही, सरळ पायांवर गेली.

"तेल लावलंस?"

"एकाच पायाला."

"नि हा?"

"कोरडा."

"किती येळ हुबी व्हतीस?"

"वीस मिनिटं." दुसरा फोटो काढून दिला. "हा दुसऱ्या दिवशीचा."

काकीने तारीख वाचायचा प्रयत्न केला, जर्मन अक्षरं तिला लागेनात म्हणून मी वाचून दाखवली. मग तिने माझा पायजमा स्वतःच्या हाताने वर केला आणि डावी नडगी अंगठ्याने दाबून पाहिली.

मी दाजींचं बोलणंही सांगितलं. तिकडे आता तसा माल कमी बनतो, तो इकडे बनतो, आणि म्हणूनसुद्धा ते पाणी साफ आहे. आणि त्या म्हाताऱ्या बाईंना भांडायला पुष्कळ वर्षं लागली, हेही. काहीच झाकलं नाही.

"म्हंजी तिकडली घान बी आमीच काढायची नि वर सही बी आमीच करायची?" काकी म्हणाली. मोबाइल परत दिला. शेडबद्दल एक शब्द काढला नाही.

साहेब गणपतीनंतर आले. बरोबर कागद, पेन, अंगठ्यासाठी शाईचा डबा. पाड्यावरच्या साऱ्या बायका जमल्या होत्या. मी पत्रकं घेऊन गेले होते. काकी म्हणाली, "ती पिशवीत ठेव," म्हणून ठेवली.

साहेबांनी नम्रपणे समजावलं. शेडचा नकाशा दाखवला. चांगला होता नकाशा, पावसाचं पाणी मागे पडेल असा उतार होता. एकदोन बायका काकीकडे बघायला लागल्या.

"सही करते," काकी म्हणाली.

मी पत्रकांच्या पिशवीत हात घातला.

"पन साहेब, तुमी या कागदात लिवलंय का पान्याचा तरास नाय. तर एक काम करा." तिने कनवटीची तेलाची बाटली काढून नकाशावर ठेवली. "एका पायाला हे लावा. एक पाय कोरडा ठेवा. आता ओहोटी हाय. माज्यासंगं चला खाडीत, वीस मिंटं हुबं र्‍हायाचं. उद्या सकाळी या, दोनी पाय आमाला दाखवा. सारखे असले तर मी सही करते, माज्या सुनेची बी घ्या."

"असं कसं, काकी..." साहेब हसले.

"ह्या पोरीनं तिकडं केलं. तुमी हिकडं करा. शेडचं मंग बघू. शेड आमी मागू, त्याला सही लागत नाय."

मागे कुणीतरी बाई म्हणाली, "साहेब, तेल आमच्याकडलं. फुकट हाय." हसू फुटलं. पण कुणी हललं नाही. वीस-पंचवीस बायका, सगळ्यांची नजर साहेबांच्या बुटांवर.

साहेबांनीही बुटांकडे पाहिलं. मग खाडीकडे. चिखलावरून पाणी उतरत होतं, त्याच्या कडेला फेसाची पिवळट रेघ होती. त्यांनी नकाशा गुंडाळायला घेतला, तर बाटली आडवी आली. ती त्यांनी उचलून काळजीपूर्वक बाजूला ठेवली.

बूट काढले नाहीत. सही झाली नाही.

आमच्या नव्या पत्रकावर ताईने काढलेला तो फोटो आहे. त्याखाली घोषणा नाही, उद्गारचिन्ह नाही. एवढंच छापलंय: कुणाही साहेबांनी यावं, ओहोटीला यावं, तेल आम्ही देऊ. एक पाय कोरडा ठेवायचा.